अंदमानची दोन फळखाऊ कबुतरं: ओळख आणि बियांचं काय?

येऊरपायथा: डिसेंबरात ठाण्याचा आमचा गट चिडिया टापूला चाललाय. ग्रीन इंपीरियल पिजन आणि अंदमान ग्रीन पिजन दोन्ही तिथे आहेत. पानांआडून अर्धवट दिसली तर ओळखायची कशी? आणि फळं दोन्ही खातात, म्हणजे बीही दोन्ही पसरवतात का?

खाडीकाठ: आधी आकार बघा. इंपीरियल ४० ते ४५ सेंमी, चांगलं थोराड. दुसरं आपल्या हरियालपेक्षाही लहान. इंपीरियलचं डोकं, मान, पोट राखाडी. हिरवी झाक फक्त पाठीवर आणि पंखांवर, तीही ऊन पडलं तरच. सावलीत ते नुसतं काळपट दिसतं आणि तिथेच लोक फसतात, म्हणून शेपटीखालची मरून पिसं शोधा. अंदमान ग्रीन पिजनच्या नराच्या पाठीवर-खांद्यावर मरून रंग असतो, मादीला तो नसतो. पाय लाल, हरियालचे पिवळे.

काहीच दिसलं नाही तर कान द्या. इंपीरियलचा आवाज खोल, घुमणारा. ग्रीन पिजन शीळ घालतं.

रानबी: बियांबाबत मात्र दोघांना एका रांगेत बसवू नका. इंपीरियलचा जबडा बुडाशी ताणला जातो, त्यामुळे रानजायफळासारखं मोठं फळ ते अख्खं गिळतं. त्याची पेषणी (अन्न भरडणारं जठर) पातळ, आतडं आखूड. गर सुटतो, बी शाबूत बाहेर पडते. मोठी बी कधी ओकूनही टाकतं. अंदमानात धनेश फक्त नारकोंडम बेटावर, त्यामुळे बाकी जंगलात मोठ्या बिया वाहून नेणारे पक्षी मोजकेच. म्हणून हे कबुतर फार मोलाचं.

ग्रीन पिजनच्या वंशात पेषणी जाड, स्नायुमय. त्यात खडे असतात. उंबराची बारीक बी तिथे भरडली जाते, म्हणजे खाल्लेलं बी बहुतेक वाया.

येऊरपायथा: म्हणजे हरियालही?

रानबी: हो, तेही त्याच वंशातलं. इमारतींच्या भेगांत वड-पिंपळ रुजतात ते कोकीळ, मैना, बुलबुल, तांबट यांच्यामुळे.

चिडिया टापूला पडताळायचं असेल तर फळलेल्या झाडाखालची विष्ठा बघून उपयोग नाही, तिथे दहा जातींची मिसळ असते. इंपीरियल खाऊन जिथे जाऊन बसतं, त्या फांदीखाली बघा. बी उचलू नका, पट्टी ठेवून फोटो काढा.

खाडीकाठ: तिथे सूर्य ठाण्यापेक्षा तासाहून अधिक आधी उगवतो. घड्याळ बघून नाही, उजाडायच्या आधी पोचा.