नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, पळणं बंद. हे दिवस कसे काढायचे? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, रंकाळ्यावर आणि विद्यापीठात सकाळी पळणारे बरेच जण इथं आहेत म्हणून विचारतोय. उजव्या नडगीला आतल्या बाजूनं, घोट्याच्या वीतभर वर दुखायला लागलं, आधी वाटलं शिन स्प्लिंट्स (जास्त पळून नडगीच्या कडेनं होणारं दुखणं) असतील, पण ते नडगीवर बऱ्यापैकी लांबपर्यंत दुखतं आणि माझं बरोब्बर एका जागी, बोट ठेवलं की कळ. एक्सरे क्लीन आला, एमआरआयमध्ये मात्र स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं. (सुरुवातीला एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, तेव्हा कुणाचं असं एकाच जागी दुखत असेल तर एक्सरे नॉर्मल आहे म्हणून पळत राहू नका.) डॉक्टरांनी ६ ते ८ आठवडे पळायचं नाही म्हणून सांगितलंय, प्लास्टर वगैरे नाही, न दुखता जमेल तेवढं चालायचं.

पायाचं होईल हो बरं, पण सकाळ जात नाही. पाचला आपोआप जाग येते, मग पडून राहायचं, तोवर ग्रुपवर फोटो सुरू, सगळे साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी पन्हाळ्याचा चढ मारायलेत. दिवसभर चिडचिड होते, ती घरच्यांवर निघते आणि मग आणखी वाईट वाटतं. त्यात तालमीतले एक काका रोज तेल लावून चोळून घे म्हणतात, मायेनंच म्हणतात, पण मोडलेल्या हाडावर चोळायचं नसतं हे त्यांना कसं सांगू?

कमरेला बेल्ट बांधून खोल पाण्यात पळतात ते कुणी केलंय का, दम टिकतो का त्यानं? आणि ग्रुपमध्ये जात राहू की थोडे दिवस लांबच बरं?

---

दादा, मला याच जागी झालंतं. पाण्यातलं पळणं नक्की करा, पाय तळाला टेकवायचे नाहीत आणि घड्याळातल्या हार्ट रेटवर जाऊ नका, पाण्यात तो कमीच दिसतो, धाप किती लागते ते बघा. सलग कंटाळा येतो म्हणून मी दोन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू असं करायचे. पळत नाही म्हणून जेवण अजिबात कमी करू नका, हाड भरायला खायलाच लागतं, आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. ग्रुप सोडू नका असं माझं मत, मी रविवारी विद्यापीठाच्या गेटवर पाणी आणि लिंबू-मीठ घेऊन थांबायचे, पहिल्यांदा रडू आलं पण नंतर बरं वाटायला लागलं. दाबल्यावर दुखायचं पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टर हो म्हटल्यावरच सुरू करा, तेपण एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, एक दिवसाआड. काकांना एमआरआयचा फोटो दाखवा, ऐकतील.

---

ताई, खूप आभार. रविवारी येतो पाणी द्यायला. रमणमळ्याच्या पोहायच्या टँकला पाय टेकणार नाहीत एवढं खोल आहे का, आणि बेल्ट आपला न्यावा लागतो का?