हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत वीजबचत: घरोघरी पटवायचं कसं?

मंडळी, मदत हवी आहे. गोव्यात बार्देश तालुक्यातल्या आमच्या हाउसिंग बोर्ड वसाहतीत एलईडी दिवे बहुतेकांकडे आलेत. आता वीज जाते ती पंख्यांत, आपल्या दमट हवेत ते रात्रंदिवस फिरतात. साधा पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. पण तो महाग, आणि भाडेकरू विचारतात, "घर आमचं नाही, खर्च आम्ही का करायचा?" त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. मात्र पंखा घर सोडताना काढून नेता येतो, हे कुणी सांगतच नाही.

जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप सौरऊर्जेवर घ्यायचाही विचार आहे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौरऊर्जेच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

कुणी एकत्र पंखे घेऊन हप्त्यांनी पैसे गोळा केलेत का? गच्चीवर सौर पॅनेल लावायला सगळ्यांची संमती कशी मिळवलीत? कोंकणी किंवा मराठीतलं साधं पत्रक असल्यास जरूर पाठवा. चवथीला अर्धी वसाहत गावी जाते, त्याआधी बैठक घ्यायची आहे.