मच्छे-पिरनवाडी पट्टा: दहा वर्षांनंतरच्या लोडसाठी 33 केव्ही की 110 केव्ही सबस्टेशन?

पंचायत_नियोजन
बेळगावच्या खानापूर रोडला मच्छे, पिरनवाडी, देसूर या बाजूची शेतं भराभर एनए (बिगरशेती) होताहेत. आमच्या आराखड्यात दहा वर्षांनी 6000 घरं धरली आहेत. शिवाय लहान शेड आणि वर्कशॉपचा 3 मेगावॅट, पाणीपुरवठा आणि पथदिव्यांचा 1 मेगावॅट. प्रत्येक घराला 4 किलोवॅट मंजुरी धरली तर नुसत्या घरांचाच 24 मेगावॅट होतो. एवढा लोड खरंच धरायचा का? आणि जागा किती राखून ठेवायची?

ग्रीड_110
24 धरू नका, सगळ्यांच्या मोटारी नि गिझर एकदम चालत नाहीत. सबस्टेशनच्या पातळीवर घरामागे दीड किलोवॅट पुरे, म्हणजे 9 मेगावॅट. त्यात तुमचे 3 आणि 1 मिळवून 13, पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) 0.9 धरून साधारण 14.5 एमव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता या एककात मोजतात). पण टीसीचा (वस्तीतल्या लहान ट्रान्सफॉर्मरचा) हिशेब करताना हाच दीडचा आकडा वापरू नका. तिथं घरं मोजकी, त्यामुळे लोड एकत्र येण्याची शक्यता जास्त. घरामागे अडीच किलोवॅट धरा. 30 घरांना 75 किलोवॅट, म्हणजे 83 केव्हीए, एक 100 केव्हीएचा टीसी. 40 घरं जोडली की तोच टीसी उन्हाळ्यात ओव्हरलोड.

आता 33 की 110. 15 एमव्हीए 33 केव्हीवर आणायचे तर 262 अँपिअर. एकाच कोयोट (जाड अॅल्युमिनियम तारेच्या) लाईनवर मे महिन्याच्या उन्हात एवढं कायम चालवलं तर वाढीला जागा उरत नाही, आणि ती लाईन पडली की सगळा पट्टा अंधारात. 110 वर तेवढाच लोड 79 अँपिअर होतो. तीच तार धरली तर लॉस अकरा पटीनं कमी. माझं मत 110/11 (110 केव्हीचं 11 केव्ही करणारं सबस्टेशन), दोन ट्रान्सफॉर्मर 20-20 एमव्हीएचे. 10-10 चे दोन बसवले तर एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर साडेचौदा येतात, ते त्याला झेपत नाहीत.

फिडर_बेळगाव
हिशेब बरोबर, पण 110 चं काम केपीटीसीएलकडं (राज्याची पारेषण कंपनी), 33 आणि 11 हेस्कॉमकडं (इथली वितरण कंपनी). म्हणजे दोन ठिकाणची मंजुरी, वर टॉवरच्या जागेचे वाद. तोवर पहिल्या चार-साडेचार मेगावॅटसाठी 33/11 चं 5 एमव्हीएचं सबस्टेशन करा, मात्र ते 110 साठी राखलेल्या जागेच्याच एका कोपऱ्यात. उद्या 110 आलं तर 11 केव्हीचे फिडर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईन) हलवावे लागणार नाहीत.

जागेपेक्षा लाईनचा मार्ग आधी अडतो, हे पंचायतीनं ध्यानात घ्यावं. 110 ला 22 मीटर रुंद पट्टा लागतो, 33 ला 15, 11 ला 7. आज नकाशावर तो रस्त्यालगत आखला नाही तर दोन वर्षांत तिथं गुंठ्याचे प्लॉट विकले जातात. मग लाईन भूमिगत न्यावी लागते आणि खर्च कैक पटीनं वाढतो. 11 केव्हीच्या तारेपासून घराची भिंत आडवी किमान 1.2 मीटर लांब हवी. पहिल्या मजल्यावर पुढं काढलेली गॅलरी हे अंतर हमखास खाते.

फिडर पाच धरा, प्रत्येकी 3 एमव्हीए. 8 किलोमीटरच्या रॅबिट (कोयोटपेक्षा बारीक) तारेवर हा लोड सगळा टोकाला असेल तर व्होल्टेज जवळजवळ 15 टक्के पडतं, सारखा विखुरलेला असेल तर साडेसात. कोयोटवर अनुक्रमे 8 आणि 4. मर्यादा उणे 9 टक्के, म्हणून मेन लाईन कोयोटच घाला. शेजारच्या दोन फिडरांची टोकं स्विचनं जोडायची सोय हवीच.

एलटी_लाईन
लेआउट करणारे एका कोपऱ्यात 250 केव्हीएचा एकच टीसी ठोकून मोकळे होतात, ते मंजूर करू नका. रॅबिटच्या एलटी (टीसीपासून घरांपर्यंतच्या) लाईनवर 60 किलोवॅट 300 मीटरभर विखुरलेला असला तरी टोकाला व्होल्टेज सव्वाचार टक्के पडतं. 500 मीटरला सात टक्क्यांवर, मर्यादा 6 ची. शेवटच्या घरात बोअरची मोटार गुरगुरते, उठत नाही, वायंडिंग जळतं. लहान टीसी घरांच्या मधोमध ठेवा.

बराच वेळ करंट जाऊन आला की सगळ्या मोटारी, फ्रीज एकदम उठतात आणि फ्यूज उडतो. त्या वेळी जाड तार गुंडाळून फ्यूज बांधला की पुढचा बळी टीसीच. फ्यूज नेमलेल्या मापाचाच हवा. लेआउट ताब्यात घेताना अर्थिंग एप्रिल-मेमध्ये मोजा. इथल्या जांभ्या जमिनीत पावसाळ्यात चांगलं आलेलं रीडिंग उन्हाळ्यात भरवशाचं नसतं, आणि वळिवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात.

पंचायत_नियोजन
आभारी आहे. शेडमध्ये एक-दोन फौंड्री इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) मागताहेत. त्या याच फिडरवर चालतील का?

ग्रीड_110
घरांच्या फिडरवर अजिबात नको. सहा पल्सच्या फर्नेसमधून पाचवी आणि सातवी हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या पाचपट, सातपट लहर) निघते, ती कॅपॅसिटर तापवते आणि फोडते. त्यांना सबस्टेशनमधून स्वतंत्र फिडर द्या. त्यांच्या कॅपॅसिटर बँकेला 7 टक्के रिअॅक्टर (हार्मोनिकपासून वाचवणारी कॉइल) लावण्याची अट मंजुरीपत्रातच घाला, नंतर कुणी लावत नाही. फर्नेसचे 2 मेगावॅट असतील तर ते तुमच्या 3 मेगावॅटमध्ये बसवू नका, वेगळे मिळवा. तसं केलं तर एकूण साधारण 16.7 एमव्हीए होतो, आणि 20 चा एक ट्रान्सफॉर्मर बंद असतानाही दुसऱ्यावर निभावतं.