नकाराधिकार नक्की कुठे चालतो?

२७ देशांच्या युरोपीय संघाबद्दल काहीजण म्हणतात, 'ब्रसेल्स (म्हणजे संघाचं मुख्यालय) हुकूम सोडतं, देश नंदीबैलासारखी मान डोलावतात'. हे सरसकट खरं नाही. विषय कोणता, यावर सगळं आहे.

बाजारपेठ, शेती, पर्यावरण यांत पात्र बहुमत पुरतं: २७ पैकी १५ देश आणि एकूण लोकसंख्येच्या ६५ टक्के. अडवायला ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या, शिवाय किमान चार देश. ही चारची अट नसती तर जर्मनी, फ्रान्स आणि इटली तिघंच काहीही रोखू शकले असते.

परराष्ट्र धोरण, कर, नवा सदस्य इथे मात्र एकमत हवं. पण तटस्थ राहिल्याने एकमत मोडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटींचा निर्णय होताना हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान खोलीबाहेर गेले, उरलेल्या २६ जणांनी तो घेतला. त्याच रात्री युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत मात्र ओर्बान यांनी अडवली, ती १ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाली.

संघाच्या करारातल्या कलम ७ ने एखाद्या देशाचा मताधिकार काढता येतो असं म्हणतात, तेही अर्धवट. आरोपी देश वगळून बाकी सगळ्यांचं एकमत लागतं. पोलंड आणि हंगेरी एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात होते, म्हणजे एकाने दुसऱ्याला वाचवायचं. घोडं तिथेच अडलं.