ड्राफ्ट्समन सिव्हिल झालं, आता साइटवर अप्रेंटिस की डिप्लोमा?

गवंड्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी, दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलची (बांधकामाची ड्रॉइंग काढायचा कोर्स) २ वर्षं केली, रिझल्ट चांगला लागला. एका बिल्डरच्या साइटवर वर्षभर अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून ये म्हणतायत पण कागदपत्र काहीच नाही, नुसतं सोमवारपासून ये एवढंच. आई म्हणते डिप्लोमाच कर. वडील गवंडी आहेत, गुडघे दुखतात तरी रोज कामावर जातात, त्यामुळे घरात पैसा यायला पाहिजे हेही खरंय. एकदा साइटला लागलो की शिक्षण सुटेल अशी भीती वाटते. काय करू?

साइटवाला_सोलापूर
भावा मी याच वाटेने आलोय. कागद नाही तर ती अप्रेंटिसशिप नाहीच, नुसती हजेरी आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, त्यात करार करून सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते, तरच शेवटी परीक्षा देऊन नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. आयटीआयवाल्याला महिना किमान ७००० स्टायपेंड तर २०१९ च्या नियमातच ठरलं होतं. आणि साइटवर काही लागलं तर भरपाई मागायला तोच करार हातात असतो. माझ्याबरोबर एक पोरगा बिनकागदी होता, सेंट्रिंगची (काँक्रीटच्या साच्याची) लोखंडी प्लेट पायावर पडली, दोन महिने घरी बसला आणि ठेकेदाराने साधी ओळख दाखवली नाही.

पण शिकायला साइटच पाहिजे हे मी छातीठोक सांगतो. ड्रॉइंगमध्ये बीमला २५ मिमी कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, लिहायचो तेव्हा मला ती नुसती रेघ वाटायची. एकदा स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची गाडी गेटवर आली आणि आमच्या मिस्त्रीकाकांनी बीममध्ये वाकून बघितलं तर खालची सळई सरळ शटरिंगला, म्हणजे साच्यालाच, टेकलेली, त्यांनी गाडी तिथंच थांबवली, मला आत उतरवलं आणि सळई साच्यापासून उचलून धरणारा एकेक कव्हर ब्लॉक माझ्या हाताने बसवून घेतला. सळईला काँक्रीटचं पांघरूण नाही मिळालं तर गंज चढतो, मग काँक्रीट फुटून पोपडे पडतात, हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते आजपर्यंत.

पॉलिटेक्निकवाली_ताई
शिक्षण सुटत नाही रे. दहावी आणि २ वर्षांचा आयटीआय असला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, फॉर्म तंत्रशिक्षण संचालनालयाचे निघतात. डिप्लोमानंतर डिग्रीलाही तसंच थेट दुसरं वर्ष. अप्रेंटिस करून वर्षाने आलास तरी चालतं. पण आयटीआयची मुलं माझ्याकडे येतात ती गणितात अडकतात, ड्रॉइंग इतरांपेक्षा सुंदर असतं आणि इंटिग्रेशन आलं की मान खाली. म्हणून साइटवर असलास तरी रात्री तासभर पहिल्या वर्षाचं गणित सोडव. सरकारी जेई (कनिष्ठ अभियंता) व्हायचं मनात असेल तर डिप्लोमा लागतोच.

नाका_कामगार
वडिलांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद आहे का? वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंद चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना डिप्लोमासाठी वर्षाला २०,००० मिळतात. माझ्या मुलीची फी त्यातूनच भरली.

गवंड्याचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांचं कार्ड काढून बघितलं, नूतनीकरण राहिलंय, उद्या त्यांना घेऊन जातो. बिल्डरच्या माणसाला कराराचं विचारलं तर म्हणाला बघू. ताई, पहिल्या वर्षाच्या गणिताचं कुठलं पुस्तक घेऊ?