मदत हवी आहे : दोन पाइंट दुधाचे कॅरमेल कस्टर्ड साच्यातून काढताच बसते

वेलदोडा : मावशीने सांगितलेल्या कृतीप्रमाणे दोन पाइंट दूध, सहा अंडी आणि एक कप साखर घेऊन दोनदा कस्टर्ड केले, दोन्ही वेळा साचा उपडा करताच ते ताटलीत पसरले. शनिवारी पाहुणे येणार आहेत, तरी नेमके काय चुकते ते कृपया लवकर सांगावे. दूध मोजूनच घेतले होते.

मापात_पाप : आपण कोठे राहता आणि मावशी कोठे राहतात, हे आधी सांगावे.

सांगलीकर : पाइंट म्हणजे 330 मिलिलिटर, हे बिअर पिणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तेवढेच दूध घ्यावे.

मापात_पाप : सांगलीकर, बिअरच्या लहान बाटलीला आपल्याकडे पाइंट म्हणतात खरे, परंतु ते त्या बाटलीचे नाव झाले, माप नव्हे. तुमच्या हिशेबाने केले तर कस्टर्डऐवजी अंड्याची पोळी होईल.

गवतीचहा : आमच्या घरी अंडी चालत नाहीत, म्हणून आम्ही चायना ग्रास वापरतो. आपणही तेच वापरून पाहावे.

वेलदोडा : अंडी चालतात, प्रश्न तो नाही. मी लेस्टरला राहते आणि मावशी न्यू जर्सीला असते. पण दुधाचा त्याच्याशी काय संबंध? इथे दोन पाइंटांची बाटली मिळते, ती अख्खी ओतली.

मापात_पाप : संबंध तेवढाच आहे. दोन्हीकडे आठ पाइंटांचा गॅलन होतो, मात्र इंग्लंडने 1824 च्या कायद्याने दहा पौंड पाणी मावेल असा नवा गॅलन ठरवला, तर अमेरिकेने राणी ॲनच्या काळापासून चालत आलेला 231 घनइंचांचा दारू मोजण्याचा जुना गॅलनच ठेवला. त्यामुळे आपला पाइंट 568 मिलिलिटरचा आणि मावशींचा 473 चा. दोन पाइंटांमागे सुमारे 190 मिलिलिटर दूध जास्त पडते आणि अंडी मात्र सहाच राहतात.

डेट्रॉइटकर : एवढे आकडे कशाला? एक पाइंट पाणी म्हणजे एक पौंड, हा सोपा नियम आहे. वजनाने मोजावे.

मापात_पाप : तो नियम आपल्या अमेरिकेतला, आणि तोही ढोबळ, लेस्टरच्या पाइंटात सव्वा पौंड पाणी मावते. शिवाय आपल्याकडे स्ट्रॉबेरी ज्या पाइंटाने विकतात, तो कोरड्या जिनसांचा पाइंट 551 मिलिलिटरचा असतो, म्हणजे आपल्या एकाच देशात दोन पाइंट झाले.

डेट्रॉइटकर : स्ट्रॉबेरी कोणी विचारली होती?

वेलदोडा : बाटलीवर बारीक अक्षरांत 1.136 लिटर असे छापलेले आहे, ते आज प्रथमच वाचले. आता 946 मिलिलिटर दूध घेऊन पुन्हा लावते. पण मग तो एक कप साखर कोणत्या कपाने घ्यायची? माझा कप 250 मिलिलिटरचा आहे.

मापात_पाप : कप म्हणजे अर्धा पाइंट, अर्थात मावशींचा. आपला कप किंचित कमी भरावा.