प्रतिसाद: उदगीरला राहून साल्सा, वॉल्ट्झ हे जोडीचे नाच शिकता येतील का?

ताई, जवळ क्लास सापडत नाही म्हणून साल्सा सोडून देऊ नका. आधी ताल पक्का करा. आपल्या मराठवाड्यात भजनं ऐकत वाढलेल्या कानाला तो जड नाही. वॉल्ट्झ तीनच्या मोजणीचा. सहा मात्रांच्या (तीन-तीनच्या) दादरा तालावर पावलं टाकलीत तरी अंदाज येतो. साल्सा आठपर्यंत मोजायचा, पण पावलं १-२-३ आणि ५-६-७ लाच. ४ आणि ८ ला नवं पाऊल नाही, आणि नवशिक्यांची घाई नेमकी तिथेच होते! बचाटा या तशाच जोडीच्या नाचात चौथ्याला नुसता टॅप, म्हणजे वजन न देता पाय टेकवायचा. गिरक्या आत्ता नकोतच. पावलं छोटी ठेवा, प्रत्येक पावलाला वजन पूर्ण त्या पायावर न्या. घरात मोठ्यानं मोजत करा, लाजू नका. पुढे संभाजीनगर-पुण्याकडे जाणं झालं तर जोडीदार बदलून नाचा. लीड-फॉलो, म्हणजे एकानं इशारा द्यायचा आणि दुसऱ्यानं त्यावर चालायचं, हे त्यानंच कळतं.